काळ्या स्क्रीनवरचा काठ

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणी असं काही सांगू लागलं की त्यांना गप्प करणारीही मीच. म्हणून लिहिताना संकोच वाटतोय... पण घडलं तसंच लिहिते.

आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. हातमाग आजोबांबरोबरच संपला. बाबा कधी मागावर बसलेच नाहीत – आजोबा त्यांना शाळेत पिटाळायचे. आता ते नागपुरात, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात सिक्युरिटी गार्ड आहेत. आम्ही दोघं जवळच खोली घेऊन राहतो.

माझा कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणजे आजोबांनी विणलेला एक काठ कॉम्प्युटरवर धाग्याधाग्याने उतरवणं. तो काठ असलेलं लुगडं आजीबरोबर चितेवर गेलं. उरला होता एक फोटो, माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये.

लॅपटॉप फारच हळू चालायला लागला म्हणून एका रविवारी सकाळी मी सगळं पुसून त्यावर लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. फोटो आधी पेन ड्राइव्हवर घेतला होता. इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं... आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, दिसत मात्र काहीच नाही. तेव्हाच लक्षात आलं – ज्या पेन ड्राइव्हवर फोटो होता, तोच मी लिनक्स टाकण्यासाठी फॉरमॅट केला होता.

इतक्यात बाबा ड्युटीवरून आले.

“काहून रडून राहिली वं?”

सांगितलं. वाटलं, रागावतील. ते हातपाय धुऊन शेजारी बसले.

“मशीन मेली का?”

“नाही बाबा. चालू हाये, दिसून नाही राहिलं. फोरमवर लिहिलंय, टॉर्च मारून पाहा... कधी कधी मागचा उजेडच बंद असते.”

बाबांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि कापड तपासताना धरतात तसा तिरपा धरला. मला काचेत आमचे दोघांचे चेहरे तेवढे दिसत होते.

“हा काय, दिसून राहिला ना तुह्या आजोबाचा काठ. लिही.”

“बाबा, काहीच नाही तिथं.”

“चष्मा तुले लागला, मले नाही. लिही. तीन जरी, एक सूत. पाच जरी, एक सूत...”

जरीचा धागा, सुताचा धागा, असं मी लिहीत गेले. काठावरची सात फुलं झाली. आठव्याशी ते म्हणाले, “इथं एक जरी कमी हाये.”

मग माझं डोकं शांत झालं. मशीन पुन्हा सुरू करताना बूट मेनू उघडला, तो मात्र दिसत होता; लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा फोरमवर सापडलेला शब्द टाकला आणि डिस्प्ले आला. फोटो मात्र नाहीच.

दिवाळीत आम्ही कुहीला आत्याकडे गेलो. तिच्या डब्याच्या पिशवीला एक तुकडा शिवलेला होता. आजोबांच्या मागावर उरलेला, त्याच काठाचा. मी टाचणीने एकेक धागा मोजला. सगळे जुळले. आठव्या फुलात एक जरी कमी होती. फोटो मी कितीदा पाहिला होता, पण ही चूक मलाही कधी दिसली नव्हती.

परतताना बसमध्ये बाबांना म्हटलं, “तुम्हाले त्या दिवशी खरंच दिसलं होतं.”

खिडकीबाहेर पाहतच ते म्हणाले,

“नाही वं. मले काहीच दिसलं नव्हतं. तू रडून राहिली होती... म्हणून तोंडाले येईल ते सांगत गेलो.”

प्रोजेक्टमध्ये ती जरी मी कमीच ठेवली. सरांनी तिथे लाल खूण करून विचारलं, हे असं का? मी उभी राहिले, आणि म्हटलं, आजोबांनी तशीच विणली होती. बाबांना ती न पाहता कशी सांगता आली, ते मात्र अजूनही कळत नाही.