जुन्या गाडीचं नवं जाकीट

साताऱ्याच्या माणसाला गाडीत हिटर हवा! डोंबलाचा हिटर. चैत्रात बोनेटवर पापड वाळतील असा आपला मुलूख.

पण कराडचा तो ऊसवाला बागाईतदार आला, आणि रहिमतपूर रोडवरच्या माझ्या गॅरेजात टेबलावर त्यानं खोकं ठेवलं. पांढरे बूट, हातात मोबाइल. बाहेर त्याच्या वडिलांची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार, दोन दारांची, इंजिन मागं. "मेजर, हीट एक्सचेंजर आणलेत. स्टेनलेस. बाहेरनं मागवलेत."

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो, पण गावाला आम्ही फौजी सगळेच मेजर.

या इंजिनाला पाणी नसतं, वाऱ्यावर थंड होतं. म्हणून धुराच्या तापलेल्या नळीवर पत्र्याचं जाकीट चढवतात. नळी आणि जाकीट यांच्यामधून जाणारी हवा गरम होऊन आत सीटपाशी येते. मूळची जाकिटं गंजून गेली होती, त्यांची ही नवी नक्कल. चकाकी अशी की त्यात बघून दाढी करावी. बसवायला गेलो तर बोल्टची भोकं बोटभर बाजूला.

"व्हिडिओत तर वीस मिनिटांत बसवतात," तो म्हणाला.

"मग त्यालाच बोलवा की! मी जातो च्या प्यायला."

त्यानं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "आईसाठी करतोय, मेजर. वडील दर जानेवारीत तिला ह्याच गाडीतनं म्हाबळेश्वरला न्यायचे. आता ऐंशी झाली, कराडातबी थंडी वाजती तिला. एकदा जायचं म्हणती, ह्याच गाडीतनं."

"घोंगडी गुंडाळा की," मी म्हणालो. लाज नाही वाटली. आईचं नाव पुढं करून खेळणी आणायची, श्रीमंतांची ही नाटकं मी लय बघितलीत.

तरी मालाची परीक्षा घेतली. एक सोडून नळीची सगळी तोंडं ट्यूबच्या रबरानं बंद केली, उरलेल्या तोंडातून कंप्रेसरची हवा सोडली आणि सगळं म्हशींच्या हौदात बुडवलं, पंक्चरवाला बुडवतो तसं. जाकिटाच्या तोंडातून बुडबुड बुडबुड. आतली नळी फुटकी! वरून कीर्तन, आतून तमाशा.

"बघा तुमचा बाहेरचा माल," मी म्हणालो. काय आनंद झाला मला! "हितनं धुराचा गॅस गाडीत येणार. ह्यातल्या विषाला वास नसतो. काचा बंद, म्हातारीला वाटणार झोप लागली. आणि पुन्हा उठायची न्हाई."

त्याचं तोंड पांढरं पडलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मी जाकीट कापलं, आतला जोड घासला, स्वतः वेल्डिंग मारलं, बोल्टची भोकं सरकवली, जाकीट पुन्हा बंद केलं. दुपार झाली. तो म्हणाला, "मेजर, परत बुडवून बघायचं का?"

"आवं, वीस वर्षं आर्मीच्या वर्कशॉपात काढलीत! माझं वेल्डिंग हौदात बुडवता? उंटावरचे शहाणे तुमी!" आणि हात धुवून मी घरात जेवायला गेलो. बायकोलाही त्याची नक्कल करून दाखवली, बुटांसकट.

बाहेर आलो तर कंप्रेसर चालू. तो हौदाशी शेणात गुडघे टेकून बसलेला, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, पांढऱ्या बुटांची पार वाट लागलेली. मान वर न करता म्हणाला, "मेजर, जरा इकडं येता का?"

मी वाकलो. जाकिटाच्या तोंडातून एक बुडबुडा आला. थांबून आणखी एक. कंपनीचं भोक मी बुजवलं होतं. हे भोक माझं होतं.

तो हसला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी भांडलो असतो. तो एवढंच म्हणाला, "पुन्हा करूया का? आईला बसायचंय." कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सकाळपासून ज्याला मी मूर्ख म्हणत होतो, त्याची आई माझ्या घमेंडीनं घाटातच गेली असती.

"व्हय," मी म्हणालो. आणि जाकीट पुन्हा कापायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत जोड पुन्हा मारला. बुडवायच्या वेळी नळी मी त्याच्याच हातात दिली.