वस्तादांचं कडवं

रेकॉर्डवर ‘पारंपरिक’ असं छापलेलं वाचून तुम्ही कधी विचारलंय का, की ही परंपरा राहत कुठं होती आणि जेवत काय होती?

माझ्या मामांच्या रेकॉर्डवरची परंपरा शिरूरला राहत होती आणि कापूस पिंजून जेवत होती. मामा कवठे येमाईचे, जन्मापासून आंधळे. शिरूरच्या एका पिंजारी वस्तादांनी त्यांना लहानपणीच जवळ बसवून घेतलं. पिंजणाच्या ताणलेल्या दोरीच्या, तातीच्या, ठेक्यावर वस्ताद गाणी रचायचे आणि उडत्या कापसात मामा शिंकत शिंकत ती पाठ करायचे. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वस्तादांचं नाव गुंफलेलं असे. ते वारले तेव्हा त्यांचं म्हणून एवढंच मागे उरलं.

पुढे जत्राजत्रांतून मामा गाजले. मुंबईच्या एका कंपनीनं त्यांचं गाणं भरून घेतलं. दौंड स्टेशनबाहेरच्या हॉटेलात ती रेकॉर्ड पहिल्यांदा लागली, तेव्हा माणसं चहा निवत ठेवून ऐकत होती. गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मामा मात्र मान पुढे काढून तसेच बसलेले.

“आन् वस्ताद कुठं गेले?” ते म्हणाले.

मुंबईला त्यांच्यासोबत माझी आई, त्यांची बहीण, गेली होती. ती खाली मान घालून म्हणाली, “दादा, लाल दिवा इझला व्हता. म्हंजी तबकडी भरली, मशीन बंद. पर तू रंगात आल्तास, तुला कसं थांबवू?”

बंद मशीनपुढे मामांनी शेवटचं कडवं जीव ओतून म्हटलं होतं आणि तिथल्या एकाही शहाण्या माणसानं त्यांना तसं सांगितलं नव्हतं! माझं डोकं तापलं. “मामा, मी निषेधाचं पत्रक काढतो.”

“काढ की. पत्रक वाचून तबकडी लांब व्हनार हाय व्हय?”

दुसऱ्या रेकॉर्डिंगला मीही गेलो. दिवा लागला, आईनं त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि मामांनी शेवटचं कडवं आधी उचललं. मशीनवाल्यानं ‘थांबा, थांबा’ म्हणत गाणं थांबवलं.

“बुवा, शेपटापासून सुरुवात?”

“शेपूट तुम्ही कापताय, म्हनून. आता कापा काय कापायचं ते.”

तो हसला आणि त्यानं तसंच भरून घेतलं. दौंडच्या हॉटेलात या खेपेला सुई टेकताच वस्तादांचं नाव उमटलं. मामा एवढे हसले की कपातला चहा धोतरावर सांडला. लेबलावर मात्र पुन्हा ‘पारंपरिक’च छापलं होतं. ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. मीही नाही.

म्हणून एकच मागणं आहे. तुमच्या गावात कुणी गायला बसलं, तर चपला शोधायची घाई करू नका. शेवटचं कडवं होईपर्यंत बसा, आणि त्यात आलेलं नाव घरी जाऊन पोरांना सांगा.