पडद्यावरची उत्तरं

सगळे तिला कात्री म्हणायचे, आणि तिला त्याचा मुळीच राग नव्हता. शाळेत बाई म्हणायच्या, "तोंड आवर, नाहीतर कुठे टिकायची नाहीस." आई तर उठता-बसता तेच. आता बघा, ज्या तोंडापायी वर्गाबाहेर उभी राहिली, त्याच तोंडावर तिने टीव्हीच्या वाहिनीत बावीस वर्षं काढली. सुरुवात हवामानापासून झाली. "काल पाऊस सांगितला, ऊन पडलं. आज तुमचं तुम्ही खिडकीतून बघा," असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. वरिष्ठ चिडले, पण लोक बातम्या सोडून हवामान बघायला लागले. मग पाहुण्यांना थेट प्रश्न विचारायचा कार्यक्रमच तिला मिळाला.

पुढे नवे संपादक आले, वयाने तिच्या भाच्याएवढे. पाहुण्यांना दुखवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. "ताई, सोमवारी पाणीखात्याचे मोठे साहेब येतायत. प्रश्न त्यांच्याच कचेरीतून आलेत, तेवढेच वाचा. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर कार्यक्रम बंद."

या कार्यक्रमाशिवाय तिला दुसरं होतं काय? तिने मुकाट मान डोलावली.

सोमवारी दिवे लागले, समोरच्या पडद्यावर अक्षरं सरकू लागली. तिने पहिला प्रश्न वाचला आणि बघते तर काय, खाली साहेबांचं उत्तरही हजर. कचेरीने प्रश्नोत्तरं एकाच कागदावर पाठवली होती, आणि यंत्रावरच्या माणसाने तो कागद जसाच्या तसा चढवला होता. साहेबही पठ्ठे, शब्दन् शब्द पाठ करून आले होते.

दुसरा प्रश्न वाचून ती थांबली. जीभ शिवशिवत होती हो, किती वेळ धरून ठेवणार?

"साहेब, तुम्ही कशाला दमता? मीच सांगते. काम युद्धपातळीवर सुरू आहे. बरोबर?"

साहेबांचा चेहरा पडला.

"तिसऱ्याला, नागरिकांनी सहकार्य करावं. चौथ्यापुढे कंसात 'हसावे' लिहिलंय. हसा."

कॅमेऱ्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कानातल्या यंत्रातून संपादक ओरडत होते. तिने ते काढून टेबलावर ठेवलं.

"आता कागदावर नसलेलं विचारते. टेकडीवरच्या वस्तीला पाणी कधी मिळणार?"

साहेबांनी समोरचं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही."

कार्यक्रम संपला तरी प्रेक्षकांचे फोन थांबेनात. संपादक दारात उभे होते, रागवावं की हसावं त्यांना कळत नव्हतं. "मालक खूश आहेत, ताई. पुढच्या सोमवारपासून अख्खा तास तुमचा."

"अर्ध्या तासात माणूस खरं बोलला," ती म्हणाली, "तास घेऊन काय करू? त्यापेक्षा टेकडीवर पाणी पोचेपर्यंत दर सोमवारी या साहेबांनाच बोलवा."