सर्वे झाला तेव्हा आम्ही गावी होतो

माझ्या बाबांनी त्या माणसाला मत दिलं, याचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. राग यावा असाच तो माणूस आहे. स्वतःची पोरं महागड्या इंग्रजी शाळेत, फिरायला ही मोठी पांढरी गाडी, आणि माईक हातात आला की एसीतल्या साहेबांनी गरिबाला लुटलं म्हणून बोंबलणार. ढोंगी मेला!

बाबा गिरणीतले. भांडुपच्या टेकडीवर त्यांनी खोली घेतली, मी तिथेच वाढले, शिकले, अंधेरीत नोकरीला लागले आणि लग्न होऊन मुलुंडच्या सोसायटीत गेले. काही वर्षांपूर्वी टेकडीवर पुनर्विकासाचं वारं आलं. सर्वेवाले दारोदार फिरून कोण राहतं ते लिहून घेणार, आणि यादीत नाव असेल त्याला नव्या इमारतीत घर मिळणार. आता हे शहाणे आले कधी, तर ऐन गणपतीत. आमची गल्ली अर्धीअधिक कोकणातली. त्या दिवसांत तिथे चिटपाखरू नसतं, दाराला कुलूप लावून सगळे गावी. सर्वेवाल्यांनी आमच्या खोलीपुढे 'बंद' असा शेरा मारला आणि पुढे गेले. यादी लागली तेव्हा बाबा अपात्र. जन्म गेला त्या खोलीत, आणि म्हणे इथे राहत असल्याचं आढळलं नाही.

अपील मी लिहिलं. इंग्रजीत, मुद्देसूद, सोबत लाइट बिलं, रेशनकार्ड, सगळं. सुनावणीला बाबांना घेऊन गेले. साहेब साधारण माझ्याच वयाचे, सभ्य. मी कुठे काम करते ते कळल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पुढचं सगळं आम्ही इंग्रजीतच बोललो. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून बाबा कागदांची पिशवी धरून बाजूला उभे होते. साहेब म्हणाले, बघतो. बाहेर आल्यावर मी बाबांना सांगितलं, माणूस चांगला आहे, काम होईल. बाबा पिशवी काखेत धरून पुढे चालायला लागले.

मग निवडणूक आली आणि हा पुढारी टेकडी चढून आला. पायातलं काढून आमच्या उंबरठ्यावर बसला. बाबांना गाव विचारलं, वाडी विचारली, घरचा गणपती दीड दिवसाचा की पाच, तेही विचारलं. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गणपतीला कोकणी माणूस गावी जाणार नाही, तर काय साहेबाची वाट बघत बसणार?"

झालं. एवढंच. गल्ली खूश, आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी. माझं अपील चांगलं पाच पानी होतं, पण त्यात हे वाक्य नव्हतं. मी लिहिलं होतं, अर्जदार काही अपरिहार्य कारणास्तव गैरहजर होता. हे आठवलं की मला त्या माणसाचा जास्तच संताप येतो.

निवडून आला तो. पुन्हा टेकडीवर फिरकला नाही. अपील साहेबांच्या ऑफिसात तसंच पडून आहे, बाबा अजून अपात्र, आणि आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्यात. मागच्या रविवारी माझा तोल गेलाच. बाबा दारात आमसुलं वाळत घालत होते. मी वाट्टेल ते बोलले. बोलाचीच कढी न् बोलाचाच भात, तोंडाला पानं पुसली त्याने, आणि परत उभा राहिला तर तुम्ही परत त्यालाच देणार ना मत? बाबा म्हणाले, देणार. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, अहो केलं काय त्याने तुमच्यासाठी?"

"तेना कायच केल्यान नाय, ता माका कळता," ते म्हणाले. "पण तू त्या सायबावांगडा हसलस गो. मी थंयच उभो होतंय."

साहेबांबरोबर मी हसले? मला आधी आठवेचना. मग आठवलं. साहेब इंग्रजीत म्हणाले होते, ह्या लोकांचं काय सांगावं, गणपती आला की घरदार टाकून पळतात. आणि मी हसले होते. बाबांना इंग्रजी कुठे कळतंय, असं मला तेव्हा वाटलं होतं.