गुंडप्पाची पुरी ओळ

‘पंचस्वर मेलडी पार्टी, देवणी’ यांचा एक फोटो उदगीरच्या एका स्टुडिओत काचेआड बरीच वर्षं लावलेला होता. पाच पोरं, पाचांचे लाल शर्ट एकाच ताग्यातले. मधोमध अवधूत, कपाळावर झुलूप सोडलेला, जणू सगळं जग आपल्याकडेच बघत बसलंय. डावीकडून पाचवा गुंडप्पा. फोटोग्राफरनं त्याचा एक कान चौकटीबाहेर टाकला होता. बघणारे मधल्याकडे बघायचे, त्यामुळं त्या कानाची कुणाला चुटपुट लागली नाही. गुंडप्पाला लागली, पण तो बोलला नाही. पार्टीत बोलायचं खातं अवधूतकडे होतं.

ही पार्टी काही गायन क्लासातून निघाली नव्हती. ती निघाली बहात्तरच्या दुष्काळातून. त्या साली देवणीच्या शिवारात जनावरापुढं टाकायला काडी उरली नाही. ज्या गावाच्या नावानं बैल ओळखतात, त्या गावचे बैल दावणीला बरगड्या मोजून घेत उभे राहिले. गावाबाहेर तलावाचं काम निघालं आणि अख्खं गाव खडी फोडायला बसलं. गुंडप्पाची आई नागम्माही बसली. तिचा नवरा बसलिंगप्पा पोर पाळण्यात असतानाच वारला होता आणि त्याच्यामागं किराणा दुकान तिनंच रेटलं होतं. तराजू धरणाऱ्या हातानं हातोडा उचलायचा म्हणजे दुकानदाराच्या घराचं नाक कापलं जाणार, असं गल्लीतल्या चार बायकांनी तिला बोलून दाखवलं.

‘‘नाकाचं मागनं बघू,’’ नागम्मा म्हणाली, ‘‘आधी तोंडाचं बघू द्या.’’ आणि चौदा वर्षांच्या गुंडप्पाला घेऊन ती कामावर गेली.

तिथं गुंडप्पा धरून चार पोरं शेजारी शेजारी बसायची. हातोडा वर जाताना गायचं, ओळीचं शेवटचं अक्षर गिळायचं आणि तिथं घाव घालायचा. घाव घालताना श्वास रोखावाच लागतो. गात गात घाव घातला की दगड राहतो बाजूला आणि अंगठा फुटतो. तेव्हा त्या गाण्याला ओळ अशी पुरी नव्हतीच, शेवटी नुसता एक ठो. कामावरची हजेरी दत्तोपंत मास्तर लिहायचे आणि त्यांचा अवधूत त्यांच्या मागं यायचा. त्यानं हातोड्याला कधी हात लावला नाही, पण आवाज गोड, म्हणून तो मधे येऊन बसला आणि मधलाच झाला. गोड माणसांना जागा करून द्यावी लागत नाही, ती आपोआप होते.

पाऊस परत आला, खडी संपली, गाणं उरलं. लग्नात, गणपतीत, जत्रेत ‘दुष्काळी पोरांना’ बोलावणी यायला लागली. अवधूतनं पार्टीचं ‘पंचस्वर’ असं बारसं केलं. हातोड्याच्या जागी ढोलकी आली आणि ती वाजवायला गावातलाच व्यंकटी, पाचांबाहेरचा सहावा. पाचही जण ओळीच्या शेवटी एकदम थांबायचे, व्यंकटी तिथं एक थाप टाकायचा आणि पब्लिक खुर्चीतून उठायचं. मुदखेड काय, नांदेड काय, पोरींची गर्दी नुसती उसळायची. सगळ्या पोरी अवधूतकडे बघायच्या. गुंडप्पाचा आवाज भरड, ज्वारीच्या पिठासारखा. तो मागून ओळ धरायचा आणि मनात म्हणायचा, एक दिवस मी पुढं उभा राहीन. कुणाला सांगितलं नाही, पण रोज म्हणायचा.

मग जे सगळ्या पार्ट्यांचं होतं तेच झालं. अवधूत बँकेत लागला आणि औरंगाबादला गेला. एक जण हैदराबादला मामाच्या कापडदुकानात, एक शेतीत, एकाला सासऱ्यानं धंद्याला लावलं. उरले गुंडप्पा आणि ढोलकीवाला व्यंकटी. लोक दुकानात यायचे, विचारायचे, ‘‘अवधूत हाय का?’’ नाही म्हटलं की अर्धा शेर साखर घेऊन निघून जायचे.

‘‘अव्वा, मी एकटा गातो,’’ एक दिवस गुंडप्पा म्हणाला.

नागम्मा डाळ पाखडत होती. ‘‘चौघांच्या आडोशाला गात व्हतास, ते झाकून जात व्हतं. एकट्याचं समदं दिसतंय रे बाबा.’’

‘‘दिसू दे की. दिसावं म्हणूनच गातो.’’

पहिला कार्यक्रम भोकरच्या एका गणेश मंडळात. पेटीला नांदेडचे किशनराव आले. माणूस तापट, पण पेटीवर हात असा की पेटी रडायची. गुंडप्पा पुढं आला, माइक धरला, पहिली ओळ उचलली आणि शेवटच्या अक्षरापाशी ठप्प थांबला. व्यंकटीनं सवयीनं थाप टाकली. दुसऱ्या ओळीला तेच. किशनरावांची पेटी पुढं निघून गेली आणि गाणं मागं राहिलं. पाच जण एकदम थांबले की लोकांना ती ढब वाटते. एकटा थांबला की लोकांना वाटतं, विसरला.

‘‘आरं, इसरला, इसरला!’’ मागून आरोळी आली. एका दयाळू गृहस्थानं स्टेजवर पाण्याचा पेला आणून दिला. तिसऱ्या गाण्याला पोरांनी गुंडप्पा थांबला की शेवटचा शब्द ओरडून सांगायचा खेळ सुरू केला. दुसरा कुणी असता तर मंडपाच्या मागल्या दारानं पळाला असता. गुंडप्पा पळाला नाही. ठरवलेली सगळी गाणी त्यानं त्याच हशात म्हटली, कानशिलं तापली तरी म्हटली. खाली उतरल्यावर किशनराव पेटी आवळत म्हणाले, ‘‘गळा हाय तुला. पण तुझ्या ओळीला शेपूट न्हाई. शेपूट आलं की मला कळव. त्याच्या आधी कळवू नको.’’

गुंडप्पाला फार लागलं ते. शेपूट का नाही, हे त्याचं त्यालाच कळेना. गायला बसला की शेवटच्या अक्षराशी श्वास आपोआप अडायचा, कुणी मागून गळपट्टी धरावी तसा. आठवडाभर तो दुकानाच्या मागच्या खोलीत तीच ओळ घोकत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

नागम्मा गुळाची ढेप फोडता फोडता त्याच्याकडे बघत होती. गाण्यातलं तिला काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही ती आणत नव्हती. पण त्याचा उजवा हात तिला दिसला. ओळ संपत आली की हात खांद्यापर्यंत वर जायचा आणि मूठ आवळायची.

‘‘आरं यप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘तू आजून खडीच फोडून राहिलास की!’’

गुंडप्पा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. दुष्काळ सरला, तलाव भरला, त्यात म्हशी डुंबायला लागल्या आणि याचा हात अजून कामावर हजर! त्याला हसू आलं आणि रडूही आलं. आपण इतकी वर्षं गात होतो असं त्याला वाटत होतं.

नागम्मानं त्यावर दुकानदारणीचा उपाय काढला. करडईच्या तेलाची दोन मापं काठोकाठ भरली आणि त्याच्या दोन्ही हातांत दिली. ‘‘आता गा. सांडलं तर तुझ्या भाजीत तेल न्हाई.’’

पहिल्या दिवशी गुंडप्पाचं धोतर तेलकट झालं आणि त्यानं कोरडी भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. गिऱ्हाईकं दारात उभी राहून तमाशा बघायची. ‘‘काय नागम्मा, पोराला बाधा झाली का?’’ असंही कुणी विचारलं. गुंडप्पा डोळे मिटून गायचा. हात हलवायचा नाही म्हटल्यावर घाव कुठं घालावा हे अंगाला कळेना. मग श्वास तिथं अडून काय करणार? हळूहळू तो पुढं सरकायला लागला. एका सकाळी ओळ गेली ती थेट शेवटच्या अक्षरावरून पलीकडे गेली आणि तेल जागचं हललं नाही. नागम्मानं मापं काढून घेतली, तेल परत डब्यात ओतलं आणि म्हणाली, ‘‘त्या पेटीवाल्याला कळव.’’

किशनराव खरंच आले. त्यांनी ऐकलं आणि पेटी उघडून बसले. पुढची दोन वर्षं गुंडप्पा, व्यंकटी आणि किशनराव एस्टीच्या टपावर पेटी बांधून फिरले. दुसऱ्यांची गाणी गायली की लोकांना मधल्या माणसाची, अवधूतची आठवण येते, म्हणून गुंडप्पा आपलीच गाणी बांधायला लागला. आणि ब्याऐंशी साली, उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा होणार हे पक्कं झालं तेव्हा, त्यानं एक चावट गाणं बांधलं:

‘पोस्टमन मामा, पत्ता बदला,
न्हाई तर सखीचं पत्र जाईल जुन्या जिल्ह्याला!’

नांदेडच्या एका टेपरेकॉर्डरच्या दुकानात त्याची कॅसेट भरली. महिन्याभरात उदगीरच्या स्टँडवर, निलंग्याच्या पानपट्ट्यांवर, वरातीत, बारशात तेच गाणं. पोस्टमनला लोक गल्लीत अडवून हीच ओळ म्हणायचे. तो बिचारा चिडायचा, पण गुणगुणायचाही तेच.

नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यात लातूरला हे गाणं व्हायलाच पाहिजे, असं उत्सव समितीला वाटलं. पण समितीतल्या मंडळींना लाल शर्ट आठवत होते. निरोप आला: पंचस्वर पार्टीनं यावं. निरोपापाठोपाठ औरंगाबादहून अवधूतच आला. झुलूप थोडा विरळ झाला होता, हसणं तेच. तो दुकानाच्या पायरीवर बसला, नागम्माच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, ‘‘गुंड्या, बाकीच्या तिघांशी बोललोय मी. सगळे येतात. पुन्हा तसेच उभे राहू. तुझं गाणं मी उचलतो, तुम्ही मागून धरा. काय मजा येईल!’’

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, हेच अवघड होतं. गुंडप्पाचा त्याच्यावर जीव होता. तलावाच्या कामावर भाकरीतला अर्धा तुकडा अवधूत रोज त्याला द्यायचा, ते गुंडप्पा विसरला नव्हता. हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. समिती खूश, दोस्त खूश, स्टेज मोठं. फक्त तो पुन्हा मागं.

‘‘न्हाई, अवधूत,’’ गुंडप्पा म्हणाला. आवाज कापला, पण थांबला नाही. ‘‘गाणं मी बांधलं. मीच म्हणणार. एकटा. तू ऐकायला ये.’’

‘‘अरे, पण समितीला पाच जण हवेत!’’

‘‘मग समितीनं पाच जण शोधावेत.’’

अवधूत अर्धा चहा ठेवून गेला. नागम्मा कप विसळत म्हणाली, ‘‘आयत्या बिळात नागोबा,’’ आणि वर पुटपुटली, ‘‘पोरगा वाईट न्हाई पण.’’ समितीनं आधी नकारच कळवला. तो लातूरला जाऊन समितीच्या दारात बसला, दुसऱ्या दिवशीही जाऊन बसला. शेवटी कुणीतरी कंटाळून सांगितलं, भाषणांच्या आधी लोक जमेपर्यंत एक गाणं म्हण. निवेदन करायला मात्र त्यांनी अवधूतला ठेवलं. बोलायचं खातं अजून त्याच्याकडेच होतं.

सोहळ्याच्या दिवशी मैदान भरलेलं. फेटे, टोप्या, झेंडे, बायकांच्या बाजूला नागम्मा, इरकली नेसलेली. स्टेजच्या पायऱ्यांशी गुंडप्पा साध्या पांढऱ्या शर्टात उभा. अवधूतनं माइक हातात घेतला, ‘‘आता आपल्यासमोर येत आहेत...’’ म्हणाला आणि अडला. माइकवर हात झाकून तो खाली वाकला.

‘‘गुंड्या, तुझं आडनाव काय रे?’’

इतकी वर्षं एका ताग्यातले शर्ट घातलेले, एका ताटात जेवलेले. गुंडप्पाला क्षणभर हे ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग नीट आलं. अवधूतच्या तोंडावरचा रंग उतरला होता. आपण काय विचारलं हे त्यालाही त्याच वेळी समजलं होतं.

‘‘राहू दे,’’ गुंडप्पा पायऱ्या चढत म्हणाला. ‘‘माझं मी सांगतो.’’

त्यानं माइक घेतला. ‘‘मी गुंडप्पा बसलिंगप्पा धनुरे,’’ तो म्हणाला, आणि पाळण्यातच सोडून गेलेल्या बापाचं नाव कर्ण्यांतून मैदानभर गेलं. बायकांच्या बाजूला नागम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ‘‘राहणार देवणी, तालुका उदगीर, जिल्हा,’’ इथं त्यानं श्वास घेतला, ‘‘लातूर.’’

मैदान उठलं. त्या गोंधळातच त्यानं गाणं उचललं. अवधूत स्टेजवरून उतरला आणि पुढच्या रांगेशेजारी लोकांत जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं शेजारी उभं राहून गायलेला गुंडप्पा त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा समोरून ऐकला.