पंपघरामागची घंटी

माझी वहिनी सायकलवर बसली की मागे वळून बघत नसे. लोकांना वाटायचं, बाई गर्विष्ठ आहे. गर्व तिच्यात होता, मी नाही म्हणत नाही, पण न बघण्याचं कारण वेगळं होतं. सरोवराकाठच्या आमच्या शहरात ती पाहुण्यांना सायकलवरून फिरवते. बागांमधून, जुन्या वखारींच्या गल्ल्यांमधून, व्यापाऱ्यांची कोरीव दारांची घरं आहेत त्या चढावरून. पाहुण्यांपैकी निम्म्यांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नसतो. पुढच्या माणसाने मान वळवली की त्याचं हँडल थोडं वळतं आणि मागची सगळी रांग निमूटपणे तिकडेच जाते. एकदा असंच एक अख्खं कुटुंब गुलाबाच्या वाफ्यात शिरलं होतं. तेव्हापासून वहिनीची मान सरळ.

मग मागे काय चाललंय ते तिला कळायचं कसं? त्यासाठी माझा दादा होता. वहिनी सगळ्यात पुढे, दादा सगळ्यात मागे. प्रत्येक वळणानंतर वहिनी एक पाय जमिनीवर टेकवून थांबायची. रांगेतला शेवटचा माणूस वळण पार करून आला की दादा घंटी द्यायचा, दोनदा. म्हणजे सगळे आले, चल. ती घंटी आल्याशिवाय वहिनी हलायची नाही, मग पाऊस येवो की पाहुणे कुरकुरोत. त्यांचा संसारही साधारण याच धर्तीवर चालायचा. ती पुढे काहीतरी ठरवून मोकळी व्हायची आणि तो मागून होकार द्यायचा. आई कुरकुरायची की माझ्या मुलाला हिने शेपूट करून टाकलंय. दादा म्हणायचा, "अगं आई, शेपूट नसलं तर मांजराचा तोल जातो."

खाली सायकलींचं दुकान आणि वर आम्ही, त्यामुळे आमच्या घराला कायम रबराचा आणि तेलाचा वास. वहिनी बुटकी, आवाज मात्र दोन माणसांचा. जुन्या घरांपुढे उभी राहून ती अशा काही गोष्टी सांगायची की पाहुणे तोंडाचा आ करून ऐकायचे. एका घराची वरची खिडकी विटांनी बुजवलेली आहे. तिथल्या बाईने नवऱ्याशी अबोला धरला, म्हणून त्याने रागाने ती खिडकीच चिणून टाकली, असं वहिनी सांगायची. मी एकदा विचारलं, हे खरं आहे का. ती म्हणाली, "पाहुण्यांना पटतं ना? मग झालं तर." दादा हसत होता. आई मात्र हसली नाही. तिने ते मनात ठेवलं.

शहराचं जुनं पंपघर सरोवराच्या अगदी काठावर आहे. आत आता काही चालत नाही. मागच्या बाजूला विटांची उंच, बिनखिडक्यांची भिंत आणि तिला लागून एक अरुंद वाट, वाटेच्या पलीकडे थेट पाणी. लोखंडी कठडा आहे, पण पूर्वी होड्यांसाठी पायऱ्या होत्या तेवढ्या जागी तो मोकळा सोडलाय. वाट भिंतीबरोबर वळते, म्हणून पुढच्यांना मागचे दिसत नाहीत. भिंत आणि पाणी यांच्यामध्ये काही बोललं की ते नेमकं कुठून आलं हेही कळत नाही. एरवी तोंड न मिटणारे पाहुणेसुद्धा तिथे आपोआप गप्प होतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही.

दादा तिथेच गेला. हंगाम संपत आला होता, वारा सुटला होता. वहिनीने वळण पार केलं, पाय टेकला, घंटी आली, ती निघाली. जुन्या झाडांच्या बागेत सगळे सायकलींवरून उतरले तेव्हा पाहुणे सगळे होते आणि दादा नव्हता. ती एकटी परत फिरली. त्याची सायकल भिंतीजवळ स्टँडवर नीट उभी होती. तो पायऱ्यांखाली पाण्यात होता. छातीत कळ आली असेल, टेकायला म्हणून पायरीवर बसला असेल आणि तिथून घसरला असेल, असं डॉक्टर म्हणाले. "जरा आधी सापडले असते तर काही सांगता येत नाही," हेही तेच म्हणाले. बोलून ते आपल्या घरी गेले आणि त्यांचं ते वाक्य आमच्या घरी राहायला आलं.

पाहुण्यांना विचारलं. घंटी ऐकल्याचं कोणीच ठामपणे सांगेना. कोणी म्हणे लक्ष नव्हतं, कोणी म्हणे वारा होता. वहिनी एकटीच म्हणत राहिली की घंटी आली, दोनदा आली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खिडकीतल्या बाईची गोष्ट सांगते, तशीच ही." त्यानंतर ती वहिनीशी बोलेनाशी झाली.

घर सोडून कोणीच गेलं नाही. दोघीही एकीपेक्षा एक हट्टी. बोलणं माझ्यामार्फत चालायचं. शेगडीसमोर दोघी शेजारी शेजारी उभ्या असताना आई दुसऱ्या खोलीतल्या मला हाक मारून सांगायची, "तिला सांग, दूध उतू जातंय." मी तिथवर पोचेपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं. हसू यायचं आणि अंगावर काटाही यायचा. अशी वर्षं गेली.

दादाच्या जागी मी आले. चष्म्याच्या दुकानातली बरी नोकरी सोडून शेपूट झाले. या कामात मी ढ. कोणाची तरी टोपी उडते, कोणी फोटोसाठी थांबतं, मी त्यांना हाकत बसते आणि घंटी उशिरा देते. वहिनी पुढे एका पायावर ताटकळत उभी असायची. भेटल्यावर म्हणायची, "आलात का बाईसाहेब? मला वाटलं हिवाळ्यात याल."

पण तिचं आतून काय झालं होतं ते मला हळूहळू कळलं. फोन वाजला की ती उचलायच्या आधी माझ्याकडे बघायची. "वाजतोय ना गं?" दारावर कोणी टकटक केली तरी तेच. एकदा दुकानात पंक्चर काढताना, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता ती खाली मान घालूनच म्हणाली, "आई म्हणतात तसंच असेल तर? मला घाई झाली असेल, आणि मी मनानेच ऐकली असेल?" मी काय सांगणार? मी त्या दिवशी चष्मे विकत होते. ट्यूबमधली हवा संपली तरी ती बुडबुडे शोधत राहिली. मला तिची फार दया आली.

मग ती धुक्याची सकाळ. पाण्यावरून धुकं आलं की शहराचे रस्ते अर्ध्यावरच संपतात. पाहुणे थोडेच होते, एक नवं जोडपं आणि नोकरीतून मोकळी झालेली काही मित्रमंडळी. पंपघरामागच्या वळणाच्या अलीकडे माझी चेन पडली. पुढची मंडळी एकेक करून भिंतीआड गेली, त्यांच्या चाकांची खडीवरची करकर ऐकू येईनाशी झाली. मी सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. घंटी ओल्या गवतात रुतली. दोन्ही हात तेलाने काळे करून मी चेन ओढत होते.

तेव्हा घंटी वाजली. दोनदा. स्वच्छ, अजिबात घाई नसलेली.

मी आधी माझ्या घंटीकडे बघितलं. ती गवतातच होती. आवाज माझ्या मागून आला होता, आणि मागे तर कोणी नव्हतं, शेपूट मीच होते. वळणापलीकडून वहिनीचा मोठा आवाज आला, "चला." मग खडी पुन्हा करकरली आणि सगळे निघून गेले. मला ओरडायचं होतं. पण कोणीतरी अगदी जवळ उभं राहून माझी वाट बघतंय असं वाटलं. कोण आहे ते बघायला मी उठले. धुक्यात भिंत कुठे आणि पाणी कुठे ते समजत नव्हतं. दोन पावलं टाकली असतील. दगड ओला लागला.

"तिथेच थांब. हलू नकोस."

वहिनी होती. सायकल टाकून पळत आली होती. तिने माझी कॉलर धरून मला मागे खेचलं, तेव्हा मला पुढ्यात पायरी दिसली आणि पायरीखालचं पाणी दिसलं. मी तिलाच धरून खाली बसले.

"तू मागे कशी आलीस?" मी विचारलं.

"मी पाय टेकला आणि लगेच घंटी आली," ती धापा टाकत म्हणाली. "थोडं पुढे गेल्यावर डोक्यात आलं, तू कधी वेळेवर घंटी दिली आहेस? मान वळवली. मागे तू नव्हतीस." मग माझे खांदे धरून म्हणाली, "खरं सांग, तू वाजवलीस का?"

मी उलट्या सायकलकडे बोट दाखवलं. तेलाचे हात दाखवले. म्हटलं, "मी नाही वाजवली, वहिनी. पण मीही ऐकली."

ती बराच वेळ सायकलकडे बघत राहिली. मग त्या ओल्या वाटेवर फतकल मारून बसली आणि रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "म्हणजे मी ऐकली होती. मी ऐकली होती गं." तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि माझा उडाला होता. ज्या गोष्टीने मला घाम फुटला होता, त्याच गोष्टीने तिची वर्षानुवर्षांची टोचणी गेली होती. पलीकडे पाहुणे धुक्यात सायकली धरून चुळबुळत उभे होते.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईने कपड्यांच्या घड्या करणं थांबवलं. तिने माफी मागितली नाही, मला तशी आशाही नव्हती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तो तिथे आहे."

वहिनी दारातून मला म्हणाली, "त्यांना सांग, तो नव्हे. एक माणूस जरी कमी असला तरी त्याने घंटी दिली नाही कधी. ते जे कोणी आहे, ते कोणीतरी मागे राहिलं की सगळे आले म्हणून सांगतं."

मला सांगावं लागलं नाही, आईने ऐकलं होतंच. पण तिला पटलं नाही. ती जेवली नाही, आणि पुढचे काही दिवस गॅलरीतच बसून राहिली. तिथून पंपघराचं धुराडं दिसतं. आम्ही तो रस्ताच सोडला, वखारींच्या मागून लांबचा फेरा घ्यायला लागलो. मला वाटलं, विषय संपला.

एका दुपारी आई चपला घालून दुकानात उतरली. गुडघ्यांमुळे ती सहसा जिना उतरत नाही. मला म्हणाली, "मला तिथे घेऊन चला. एकदाच." मी नाही म्हणणार होते, पण वहिनीने तीनचाकी बाहेर काढली. पाहुण्यांच्या मुलांसाठी पुढे पेटी लावलेली आमची ती सायकल. पेटीत उशी टाकली, आईला बसवलं. वहिनी ती चालवत पुढे, मी मागे. लख्ख ऊन होतं. बागेत लोक गवतावर लोळत होते, एक म्हातारा आईकडे बघून हसला. पाण्यावर होड्या होत्या. पंपघराच्या भिंतीमागे शिरलो आणि सगळ्यांचे आवाज एकदम मागे राहिले.

वळण पार करून वहिनी थांबली. पाय टेकला. मी येऊन मागे उभी राहिले आणि घंटीवरचा हात काढून घेतला. आई मान वाकडी करून कान देऊन ऐकत होती. पाणी पायऱ्यांना लागत होतं, तेवढाच आवाज. बराच वेळ काही झालं नाही. मला मनातून हायसं वाटलं.

"नाही वाजत," आई म्हणाली.

"आपण सगळ्या आहोत ना," वहिनी सहज बोलून गेली. बोलल्यावर तिचा चेहरा उतरला.

आईने पेटीच्या कडेला हात टेकला, एक पाय बाहेर काढला, आणि वर बघितलं ते माझ्याकडे नाही, वहिनीकडे. इतक्या वर्षांनी ती वहिनीशी बोलली, अगदी मऊ आवाजात, लेकीशी बोलावं तसं.

"तुम्ही दोघी व्हा गं पुढे. मी थांबते इथे जराशी."

वहिनीने उतरून, वाकून आईचा पाय उचलला, पेटीत आत घेतला, उशी सारखी केली. आई रडत होती, पण तिने अडवलं नाही. मग वहिनीने एक हात आईच्या खांद्यावर ठेवला आणि एकाच हाताने हँडल धरून ती तीनचाकी हळूहळू पुढे ढकलत निघाली. मला म्हणाली, "तू मागे नको. इथे माझ्या शेजारी चल."