नाव सांगा, मग पोचा काढतो

केजला इंटरनेट मी आणलं हे मी आजही छाती काढून सांगतो, आणि ऐकणारा हसला की माझं डोकं फिरतं. दोन हजार साली आमच्या अप्पांच्या किराणा दुकानाची मागची अर्धी खोली मी हट्टानं मागून घेतली, गुळाच्या ढेपा पुढं सरकवल्या आणि दोन संगणक मांडले. बाहेर 'वीरेश सायबर कॅफे' अशी पाटी लावली. अप्पा पाटी वाचून म्हणाले, "बी.कॉम. करून पोरानं शेवटी डबेच मांडले." पहिले तीन महिने गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघायला येणारी पोरं आणि पंख्याखाली टेकायला येणारे तहसीलचे लोक. म्हणून मैनुद्दीनचाचा दारात उभे राहिले तेव्हा तेही पंख्यासाठीच आलेत असं मी धरून चाललो. माणूस ओळखण्यात मी तेव्हाही कच्चाच होतो.

चाचांचं दुकान एसटी स्टँडच्या मागं होतं. जीप आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरना कथील वितळवून डाग द्यायचा, गळती बंद करायची, हा त्यांचा धंदा. पितळेवर बसलेला हात बँडच्या वाद्यांनाही चालतो, त्यामुळे गेवराईपासूनचे बँडवाले आपली चेपलेली वाद्यं घेऊन त्यांच्याकडेच यायचे. एका खिळ्याला रेडिएटर, शेजारच्या खिळ्याला ट्रम्पेट, असं ते दुकान. चाचांचं वय सत्तेचाळीस, शाळा चौथीपर्यंत, बोलणं मोजकं आणि हात असा, की पोचा काढल्यावर तो कुठं होता हे वाजवणाऱ्यालाही सापडत नसे.

"वीरेश," ते म्हणाले, "ह्या तुज्या डब्यात टरंपेटाचं चित्र निघतंय का? उघडलेलं पायजे. खटक्याखालची स्प्रिंग कशी बसती ते बघायचंय."

ते ट्रम्पेट त्यांच्या वडिलांचं होतं. दस्तगीरमियाँ केजच्या जुन्या बँडात वाजवायचे. अंगात ताप असताना एका लग्नाला वाजवायला गेले आणि तिथंच संपले. चाचा तेव्हा चार वर्षांचे. पुढं आईही लवकर गेली. मागं ट्रम्पेट राहिलं, पण फोटो एकही नव्हता. "अब्बाचं तोंड मला आठवत न्हाई," हे चाचा पाऊसपाणी सांगावं तसं सपाट आवाजात सांगायचे. आईचं एक वाक्य तेवढं त्यांच्या तोंडी असायचं, "नक्को जाओ बोली मैं, तोबी गए." हे म्हणताना मात्र आवाज कडू व्हायचा, आणि त्यापुढं वडिलांचा विषय ते वाढवत नसत. पण ते तोंड एकदा बघायला मिळावं ही आस त्या माणसाच्या पोटात होती, हे मला हळूहळू कळलं.

मी शोधायला टाकलं. स्प्रिंग राहिली बाजूला, उघडलं ते अमेरिकेतल्या कुठल्याशा संग्रहालयाचं पान. जॅझ नावाचं संगीत घडवणाऱ्या काळ्या वाजंत्र्यांचं प्रदर्शनच त्यांनी इंटरनेटवर मांडलं होतं. आमची फोनलाइन अशी, की फोटो वरून खाली रेघरेघ उतरायचा. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळे, आणि चहा संपता संपता फुगलेले गाल. मी वैतागून पान बंद करायला निघालो, तर चाचांनी माझं मनगट धरलं. "थांब बे. येऊ दे त्याला."

प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, वाद्य आणि मग बाकीची हकिकत. मी मोडकंतोडकं मराठी करून सांगत गेलो. हा ट्रम्पेटवाला, एरवी लोकांच्या हजामती करायचा. हा क्लॅरिनेटवाला, बंदरावर हमाल होता. हे सगळे लग्नात वाजवायचे आणि मयतीलाही वाजवायचे. चाचा मोठ्यानं हसले. "म्हंजे आमच्यातलेच की!" शेवटी सात जणांच्या एका बँडचा फोटो आला. नावं सहाच होती. सातव्याखाली लिहिलं होतं, 'नाव माहीत नाही. कोणी ओळखत असल्यास कृपया कळवावे.' चाचांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"एवढी मोठी अमेरिका," ते म्हणाले, "आन् विचारायलीय, ह्यो कोण हाय म्हणून. आपल्याकडं वाजवणाऱ्याला नाव विचारलंय का बे कुणी कदी?"

विचारलेलं नव्हतं. माझ्याच बहिणीच्या लग्नात बँड ठरवायला मी गेलो होतो आणि दिवसभर त्या माणसांना 'ए ट्रम्पेट', 'ए ढोल' अशाच हाका मारल्या होत्या. त्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, भात गार झाल्यावर. फोटोग्राफरच्या रोलात फोटो मोजके, म्हणून तोही ओरडायचा, "बँडवाले, बाजूला व्हा!" जिल्ह्यात लग्नाचे हजारो अल्बम असतील, त्यांत बँडवाल्याचं कडेला आलेलं एखादं कोपर सापडेल. मला लाज सहसा वाटत नाही. त्या दिवशी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या दुकानात नवा कायदा लागू झाला, 'नाव सांगा, मग पोचा काढतो.' वाद्य घेऊन आलेल्या माणसानं आपलं नाव, गाव, उस्तादाचं नाव सांगायचं. बरोबर कोण कोण वाजवायचं तेही सांगायचं, आणि लग्नसराई नसताना पोट कशावर चालतं तेही. चाचा दोनशे पानी वहीत जाड अक्षरात लिहून घेत. कुणी केरसुण्या बांधायचा, कुणी ऊसतोडीला जायचा, एक सनईवाला शाळेत घंटा द्यायचा. ते दिवसच बँड मोडण्याचे होते. हातगाडीवर एक कीबोर्ड आणि दोन भलेमोठे स्पीकर ठेवले की आठ माणसांचं काम भागत होतं, त्यामुळे पितळेची वाद्यं भंगारात निघाली होती. निम्मी तरी चाचांच्या दारावरून जायची. चाचा आडवे जात. "बाजा खुशाल वितळवा, पण वाजवणारा सांगून जावा," म्हणत आणि वही उघडत. घाईत असलेला माणूस चिडायचा, आणि मग खाली बसून तासभर बोलायचा.

वहीतलं संगणकात चढवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी पुष्कळ कुरकुर केली. पण इंटरनेटवर फुकटात मिळणारी जागा शोधून मीच ते पान तयार केलं आणि औरंगाबादहून जुना स्कॅनर मांडीवर घेऊन एसटीनं मीच आलो. चाचांनी त्या संग्रहालयालाही माझ्याकडून पत्र पाठवायला लावलं. तिथल्या एका बाईंचं चार ओळींचं उत्तर आलं. आधी नाव लिहा, मग वाद्य, बाकी नंतर. ज्याचं नाव ठाऊक नाही तिथं तसंच लिहा, अंदाज करू नका. चाचांनी ते उत्तर छापून रेडिएटरच्या वर चिकटवलं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. आणि त्या सातव्या माणसाचं नाव सापडलं का, हे दर आठवड्याला मला विचारायचे, जणू तो अमेरिकेत नाही, धारूरला राहत होता.

फोटो मात्र अर्जुनरावांकडून आले. अर्जुनराव केजचे जुने फोटोग्राफर, म्हातारे आणि तिरसट. त्यांच्या माळ्यावर पंचावन्न सालापासूनच्या निगेटिव्ह खोक्यांत पडून होत्या. चाचा दर शुक्रवारी नमाजानंतर तिथं जायचे, एकेक निगेटिव्ह बल्बसमोर धरायचे आणि नवरा-नवरी सोडून फक्त कडा बघायचे. अर्जुनराव म्हणायचे, "मी जे टाळलं तेच हा शोधतोय." पण चहा पाजायचे आणि कडेचा तुकडा मोठा करून छापूनही द्यायचे. वर्षभरात एकशे बारा नावं आणि एकोणीस चेहरे झाले. एवढी चिकाटी मी कुठल्या डॉक्टरेटवाल्यातही पाहिली नाही, आणि हे मी आता नम्रपणानं नाही, भांडायच्या तयारीनं सांगतो.

त्याच खोक्यांत सत्तावन्न सालच्या एका वरातीची निगेटिव्ह निघाली. मध्ये घोड्यावर नवरदेव, मागं कोरी भिंत, आणि कडेला एक ट्रम्पेटवाला, अख्खा. त्याच्या शेजारी अर्धा ढोल आणि एक कोपर. अर्जुनरावांनी फोटो छापला. चाचांनी तो हातात घेतला आणि कारागिराच्या नजरेनं बघितला. माणसानं तिन्ही खटके डाव्या हातानं दाबले होते.

"अर्जुनराव, निगेटिव्ह उलटी लावलीत तुमी."

"पंचेचाळीस वर्षं मी हेच करतोय," अर्जुनराव भडकले. "बिनचमकीची बाजू कागदाकडं. मला शिकवू नका."

"आन् मी तीस वर्षं टरंपेट खोलतोय. ते उजव्या हातासाठीच बनवत्यात. डाव्यानं कोणबी वाजवत न्हाई."

दोघंही आपापल्या कामात पक्के, त्यामुळे कुणी मागं हटेना. न्यायाधीश मी. फोटोत एखादी पाटी असती तर अक्षरांवरून सोक्षमोक्ष लागला असता, पण भिंत कोरी. मला चाचांचं पटलं. एक बटण दाबून मी फोटो उलटा केला, ट्रम्पेट उजव्या हातात गेलं आणि खाली लिहिलं, 'नाव माहीत नाही.' अर्जुनराव महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. तो फोटो तसाच पाच महिने राहिला.

मग चाचांचा थोरला मुलगा गुफरान दिंद्रुडहून धोंडीरामबाबांना मोटारसायकलवर घेऊन आला. केजच्या जुन्या बँडातले तेवढेच एक हयात होते, ढोल वाजवायचे. वय सत्तरीपार, पण आठवण शाबूत. पडद्याला नाक लावून त्यांनी आमच्या दोन अनोळखी चेहऱ्यांना नावं दिली, एकाला शिवीही दिली. मग हा फोटो आला आणि ते अडखळले.

"तोंडवळा दस्तगीरचा हाय," ते म्हणाले. "पर दस्तगीर न्हाई ह्यो."

चाचांनी कपबशी खाली ठेवली. "न्हाई कावून?"

"दस्तगीर डावखुरा. खटके डाव्या हातानं दाबायचा, लोक बघायला यायचे. आन् हे कोपर तर माजं हाय की! ढोलाचा पट्टाबी माजाच. पर मी ह्या अंगाला कसा आलो? मी कायम त्याच्या उजव्या अंगाला असायचो."

मी बटण दाबलं. फोटो होता तसा झाला.

"हां," धोंडीरामबाबा म्हणाले, "ह्यो दस्तगीर."

चाचा पडद्याकडे बघेचनात. स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग हळूहळू सांगायला लागले. सोळाव्या वर्षी ते डागकाम शिकले, तेव्हा पहिलं काम घरातल्या ट्रम्पेटवर केलं. करंगळी अडकवायचा पितळी आकडा त्यावर भलत्याच बाजूला डाग देऊन बसवलेला होता. कुणा अडाण्याचं काम, असं समजून त्यांनी तो काढला, रीतसर जागी बसवला आणि जुना डाग घासून असा साफ केला की उस्तादांनी पाठ थोपटली. "अब्बानं आपल्या हाताजोगा करून घेतलता तो," ते म्हणाले. "म्या घासून टाकला. आन् हितं दुसऱ्यांदा." एवढा कसबी माणूस, त्याचं कसबच त्याला नडलं होतं, आणि बटण दाबणारा मी होतो. मला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

धोंडीरामबाबांना यातलं काही कळलं असावं. ते म्हणाले, "त्या दिशी म्या त्याला म्हणलं होतं, आंग तापलंय तुजं, ऱ्हा घरी. तर म्हणला, टरंपेटबिगर तुमाला मांडवात कोण उभं करतंय? मी ऱ्हायलो तर सात जणं उपाशी माघारी जाल. लेकराला झोपवून मगच निघाला. लई येळ लावला त्यानं, आमी बाहेर खोळंबलो होतो."

"वय काय होतं त्यांचं?" मी विचारलं.

"चोवीस. लई तर पंचवीस."

तेव्हा चाचांनी मान वर केली. खुर्ची पुढं ओढली आणि वडिलांकडे बघितलं. गाल फुगलेले, मिसरूड कोवळं, टोपी कपाळावर सरकलेली. पुष्कळ वेळ बघितलं. मागं गुफरान उभा होता, सव्वीस वर्षांचा. चाचांनी वळून त्याला नीट न्याहाळलं, पुन्हा पडद्याकडे वळले आणि डाग देऊन काळी पडलेली बोटं त्या फुगलेल्या गालावर ठेवली.

"लेकरू हाय रे हे," ते म्हणाले. "आन् मी चाळीस वरीस ह्याच्यावर रुसून बसलतो."